तिसऱ्या मागाची रेघ

आप्पा, तुमचा तिसरा माग उद्या सकाळी भंगारात चाललाय. आधी हे सांगून टाकते, बाकीचं मागनं. आडवळणानं बोलायची सवय मला माहेरनं लावली नाही आणि सासरी तेवढा वेळ कुणाला नव्हता. टेम्पो ठरलाय, पहारी घेऊन माणसं येणार आहेत, जड चाकं आधी उतरवणार, मग सांगाडा. परवा तुमच्या थोरल्याचा, अण्णाचा, निपाणीला फोन आला. "तिसरा बी चालला गं. बघायचा असंल तर ये," एवढं बोलून ठेवून दिला. पहिले दोन गेले तेव्हा त्यानं कळवलं पण नव्हतं. मी खानावळीची कणीक तशीच परातीत झाकली, कामाच्या बाईला म्हटलं, तू लाट आता, जाड आल्या तर जाड आल्या, आणि मिळेल ती बस धरली. आता बेळगावात, वडगावच्या आपल्या घरात मागाच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून लिहितेय. ऊन उतरलंय. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, त्यातली निम्मी वर्षं धोट्याच्या कांड्यांवर सूत भरण्यात गेली, तेव्हा अक्षराला हसू नका. आज दुपारी या खोलीत जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला भाकरी गिळणार नाही. पण ते नुसतं सांगून कळायचं नाही. पहिल्यापासनं सांगावं लागेल, तुम्हाला माहीत आहे ते पण.

शहापूर-वडगावात कुणाचाही माग बिघडला की लोक जॉबरला बोलवायचे. जॉबर म्हणजे तुम्ही. दुसरे जॉबर आले की आधी पाना काढायचे, दोन शिव्या घालायचे, मागाला आणि मालकाला एक-एक. तुम्ही खिशातनं खराट्याची काडी काढायचात. फणी धरून पुढं-मागं हलतो त्या हात्याला ती काडी बांधायची, काडीच्या टोकाला पेन्सिलीचा तुकडा, आणि खाली विणून आलेल्या कापडावर साडीच्या घडीत घालतात तो पांढरा पुठ्ठा ठेवायचा. आणि म्हणायचं, चालू करा. हात्या पुढं-मागं, धोटा डावीकडनं उजवीकडं, उजवीकडनं डावीकडं, सगळी खोली दणाणतेय, आणि कापड मुंगीच्या चालीनं पुढं सरकतंय, त्याच्याबरोबर पुठ्ठा सरकतोय. पेन्सिल कुणी धरलेली नाही. तरी पुठ्ठ्यावर रेघ उमटतेय, आत-बाहेर, आत-बाहेर, विणलेल्या वेणीसारखी. मालक डोक्याला हात लावायचा. "जॉबर, माग दुरुस्त करायला आलायस का फोटो काढायला?" तुम्ही वर पण बघायचा नाहीत. "कुठं दुखतंय ते त्योच सांगतोय की. सांगू दे जरा."

दुरुस्तीपुरतंच असतं तर मला काही वाटलं नसतं. डॉक्टर पण नाडी बघतो, त्याला कुणी येडा म्हणत नाही. तुमचं पुढचं होतं. माग नीट झाल्यावर तुम्ही परत नवा पुठ्ठा ठेवायचात. आता कशाला? तर, "आता बरा झालाय. आता कसा बोलतोय बघू." आणि तो बऱ्या मागाचा पुठ्ठा शर्टाच्या आत घालून घरी आणायचात, जसं बाकीचे बाप खाऊ आणतात.

आमच्या स्वयंपाकघरात ते पुठ्ठे चुलीपासून जरा लांब, भिंतीला ओळीनं टेकवलेले असायचे. आई भाकरी थापताना तोंड वाजवायची. "दळण संपलंय. रेघा भाजून घालू सगळ्यास्नी?" तुम्ही मांडी घालून बसलेले, एक पुठ्ठा उचलून तिच्या डोळ्यांसमोर धरणार. "बघ तरी. ह्यो शहापूरचा. कसा निघालाय बघ, म्हायेरला निघालेल्या बाईगत." आई बघायची नाही, बघायची नाही, आणि मग तव्यावरची भाकरी उलटता उलटता बघायचीच. "ह्यो बरा हाय. आन त्यो कुणाचा, त्यो चिडका?" तुम्ही गंभीर तोंडानं, "त्यो तुझ्या भावाच्या घरचा." आईला इतकं हसू आलं, की भाकरीला डाग पडला. तो डागाचा तुकडा तुम्हीच खाल्लात. मला हे असं आठवतं, जणू काल जेवून उठलोय. त्या घरात बोलणं कमी आणि खडखडाट जास्त, पण त्या पुठ्ठ्यांवरनं तुम्ही दोघं गप्पा मारत होता. मला तेव्हा वाटायचं, सगळ्यांचे आईबाप मागांच्या चाली ओळखत बसतात.

घरचे माग तीन. पहिले दोन सरळ. तिसरा इचलकरंजीहून जुना आणलेला, आल्या दिवसापासून लंगडा. त्याचा आवाजच वेगळा, खडखड खडखड चालताना मध्येच एक ठसका. त्याच्या पुठ्ठ्यावर वेणी नीट उमटत जायची आणि मध्येच एक बट सुटून बाहेर यायची, परत आत, परत वेणी, परत एक बट. गल्लीतले टोमणे मारायचे. "गावाचे माग सरळ करतोय आन घरचा लंगडा." तुम्ही हसून सोडून द्यायचात. मीच एकदा चिडून विचारलं, का नाही सरळ करत? तुम्ही साडी माझ्यापुढं पसरलीत. "कुठं लंगडी दिसती का बघ. न्हाय न्हवं? कापड सरळ विणतोय त्यो. मग त्याचं चालणं कशाला मोडू?" खंडेनवमीला माग बंद ठेवायचे, धुऊन-पुसून हळदकुंकू, झेंडू, नारळ. दुसऱ्यांच्या घरी एवढंच. आपल्या घरी प्रत्येक मागापुढं त्याचा त्याचा पुठ्ठा मांडलेला. आदल्या दिवशी माग बंद करायच्या आधी घेतलेला. आई म्हणायची, देवाचं कॅलेंडर राहिलं बाजूला. तुम्ही म्हणायचात, "वरीसभर आपलंच ऐकतोय बिचारा. एक दिस त्याचं बी मांडू." तिसऱ्याचा पुठ्ठा नेहमी जरा पुढं असायचा. आम्हाला दिसत होतं, आप्पा. तुम्हाला वाटायचं दिसत नाही.

आता ती दुपार. मी दहा-अकरा वर्षांची असेन. शाळा सुटली होती कायमची, कांड्या भरायला बसवलं होतं. मला तेव्हा पण कशालाच दम नव्हता. कांडी भरेपर्यंत मी पाय हलवायची, सूत तोडायची. आणि तुमच्या रेघांचा मला कंटाळा यायचा, खरं सांगते. नुसत्या रेघा. एक मोर नाही, एक कोयरी नाही, एक फूल नाही. तुम्ही तिसऱ्यावर पुठ्ठा ठेवून पाणी प्यायला आत गेलात. मी दोन बोटांनी काडी धरली आणि वेणीच्या मधोमध एक फूल काढलं. माग चालू, हात्या माझ्या मनगटाला लागून पुढं-मागं. तुम्ही आलात आणि आधी माग बंद केलात. माझा हात धरून उलटा-सुलटा केलात, बोटं एक-एक दाबून बघितलीत. सगळी जागच्या जागी आहेत म्हटल्यावर ओरडलात. तसं ओरडलेलं मी तुम्हाला त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. मला वाटलं हात घातला म्हणून. पण तुम्ही पुठ्ठा उचलून माझ्या नाकापुढं धरलात. "ह्यो माग न्हाय. ही तू हायस!" मी म्हटलं, फूल आहे की, चांगलं दिसतंय. "फूल चांगलंच हाय. पर तुझं हाय. दुसऱ्याच्या तोंडात आपलं बोलणं घालू न्हाय गं बाई. तुला बोलायचंय तर तुझा पुठ्ठा घे."

आणि खरंच एक कोरा पुठ्ठा माझ्या हातात दिलात. मी रागानं त्याच्यावर बसले, दिवसभर.

लग्नाचं तर बोलायलाच नको. दुसऱ्या पोरींना बापांनी कपाट दिलं, मिक्सर दिला. माझी पाठवणी निपाणीला. भाड्याचा टेम्पो, पुढं मी, नवरा आणि ड्रायव्हर. मागं हौद्यात भांडी, गादी, ट्रंक आणि तुम्ही. सगळे म्हणाले, आप्पा पुढं बसा, बसनं या, उद्या या. तुम्ही ऐकलं नाहीत. मला वाटलं, लेक चाललीय म्हणून आतनं भरून आलंय, लोकांत रडायला लाजतायत. निपाणीत टेम्पो थांबला, तुम्ही खाली उतरलात, केसांत सगळी धूळ, पापण्या पांढऱ्या, आणि शर्टाच्या आतनं पुठ्ठा काढलात. हौद्याच्या आडव्या गजाला सूत बांधून, पेन्सिल लोंबती सोडून, ट्रंकेवर पुठ्ठा ठेवून तुम्ही वडगावपासून निपाणीपर्यंत टेम्पोकडनं काढून घेतलं होतं. "हे घे," म्हणालात. "ही तुझी वाट. बेळगावातनं निघतानाची गर्दी हितं, बघ, कसं गिचमिड झालंय. मग हायवेला निवांत. ह्यो तवंदीचा घाट, सगळं एका अंगाला कललंय. आन ह्ये शेवटचं, तुझ्या दाराफुडं. लई हळू आला गं ड्रायव्हर. चांगला माणूस हाय." मी लाल शालूत, कपाळाला मुंडावळ्या, सगळी सासरची माणसं बघतायत, आणि माझा बाप मला रेघा देतोय. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

सासूबाईंनी तो पुठ्ठा बघितला आणि दोन पावलं मागं सरकल्या. काळ्या रेघा, एकात एक गुंतलेल्या, एका अंगाला कललेल्या, आणि नवीन सुनेच्या बापानं घामेजल्या छातीतनं काढून दिलेल्या. त्यांच्या डोक्यात एकच आलं, करणी. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. त्यांनी पुठ्ठ्यावर लिंबू कापलं, हळद टाकली, वरनं पाणी फिरवलं आणि तीन दिवस गोठ्याच्या वळचणीला ठेवला. चौथ्या दिवशी घरात कुणाला ताप आला नाही, म्हैस नीट दूध देत होती, तेव्हा त्यांचा जीव खाली पडला. मग म्हणाल्या, "पुठ्ठा चांगला जाड हाय की." आणि विड्या वळायच्या सुपात, पानांच्या खाली तो घातला. माझ्या वाटेवर त्या घरानं कैक वर्षं विड्या वळल्या. तंबाखूनं रेघा पिवळ्या झाल्या, मग कडा झिजल्या, मग त्याचा भुसा झाला. मी पण वळता वळता तो बघायची. हा घाट, ही गर्दी, हा दारापुढचा हळू भाग. माहेरची आठवण आली की पानं जरा बाजूला सारायची. मिक्सर असता तर तेव्हाच मोडला असता.

तुम्ही गेलात तेव्हा मी निपाणीतनं धावत आले आणि उशीर झाला. छातीत कापसाचा धुरळा बसला होता, वैद्यांनी आधीच सांगितलं होतं म्हणे. रडून-भेकून झालं. तुमचे पुठ्ठे खाटेखाली गठ्ठा बांधून ठेवलेले होते, मी डोळ्यांनी बघून गेले. दसऱ्याला आले तेव्हा म्हटलं, एक-दोन निपाणीला नेते, तिसऱ्याचा तर नेतेच. खाटेखाली हात घातला. जागा मोकळी.

"अण्णा, आप्पांचे पुठ्ठे?"

अण्णा घडी घालत होता. मान खाली. "दिवाळीची गर्दी गं. पुठ्ठे संपलेले. त्ये पडूनच होते."

"पडून?"

"एकच बाजू वापरलेली. दुसरी कोरी हाय की, म्हटलं."

"कुठं हायत आता?"

"कुठं म्हंजे? साड्यांत. साड्या गेल्या न्हवं दुकानात. काय कोल्लापूरला, काय सोलापूरला, काय तिकडं बेंगळूरला."

एक नाही राहिला आप्पा. सगळ्या शहापूर-वडगावचे माग, आईच्या भावाचा चिडका, आपला तिसरा, सगळे साडीच्या घडीत बसून निघून गेले. आईला पण त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, चांगला पुठ्ठा कोण टाकून देतं? विणकराच्या घरातच अशी चूक होते. मी अण्णाला काय-काय बोलले ते इथं लिहीत नाही. जेवले नाही, दसऱ्याची साडी काखेत मारली आणि बस धरली. तवंदीच्या अलीकडं मला राग आवरेना. साडी उघडली, घडीतला कोरा पुठ्ठा काढला, बरोबर माझी पोरगी होती तिच्या दप्तरातली पेन्सिल घेतली, साडीच्या पदराचं एक सूत ओढलं, पुढच्या बाकाच्या गजाला पेन्सिल लोंबती बांधली आणि मांडीवर पुठ्ठा ठेवला. घे म्हटलं, काढ. तू तर काढ.

कंडक्टर आला. "एन्री अक्का, काय ओ, ह्यो काय नकाशा?"

"तुमची बस काढतेय. तिकीट दिलंय न्हवं? मग गप जावा."

घाट उतरेपर्यंत सगळं एका अंगाला कललं. तुमच्या पुठ्ठ्यावर होतं तसंच, त्याच बाजूला. मी बघतच राहिले. माझ्या हातानं कधी जमलं नसतं.

तेव्हापासून मी बसमध्ये रिकामी बसलेली नाही. बेळगावला यायचं-जायचं, कोल्हापूरला दवाखान्यात जायचं, पुठ्ठा आणि पेन्सिल पिशवीत. संकेश्वरच्या स्टँडवर बस नुसती उभी असते ना, इंजिन चालू, तेव्हा पेन्सिल एकाच जागी थरथरून लोकरीच्या गुंड्यासारखा गोळा काढते. जुन्या बसचा गुंडा मोठा, नवीनचा हरभऱ्याएवढा. एकदा ड्रायव्हर मागं बघायला आला, एका फटकाऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, "मावशी, ह्यो धक्का माझा न्हाय हं. खड्ड्याचा हाय. मी गाडी हळूच घेतलती." जसं मी त्याची तक्रार करणार होते. सासूबाई गेल्यावर मी हायवेला खानावळ काढली, आणि भिंतीला देवाचं एक कॅलेंडर आणि बाकी सगळ्या रेघा लावल्या. गिऱ्हाईक बोलतं. "मावशी, डाळीत मीठ कमी आन भिंतीवर रेघा लई." मी सांगते, मीठ पुढ्यात आहे, घ्या, रेघांना हात लावू नका. ट्रकवाल्यांनी आधी टिंगल केली, मग एकानं विचारलं, मग दुसरा स्वतःच्या केबिनला लोंबती पेन्सिल बांधून बेंगळूरहून पुठ्ठा घेऊन आला. आता दोघं ट्रकवाले जेवता जेवता भांडतात, माझी गाडी बघ कशी पळते, तुझी बघ कशी लोळते. मी वाढते आणि ऐकते. मला आपलं स्वयंपाकघर आठवतं, भिंतीला टेकवलेले पुठ्ठे, आणि तुम्ही दोघं.

एक गोष्ट मला पुढं उमगली. अण्णावर मी लई वर्षं धुमसले. पण आता कधी चपात्या लाटताना डोक्यात येतं, की कुठंतरी सोलापुरात एखादीनं सण म्हणून साडी उघडली असेल, पुठ्ठा खाली पडला असेल, आणि ती बघत बसली असेल, हे काय? कुणी काढलं? टाकला असेल, नाहीतर नसेल. आपल्या घरातलं कुणी कोल्हापूरच्या पुढं गेलं नाही. तुमच्या रेघाच तेवढ्या लांब गेल्या, त्या पण साडी नेसून.

पण तिसऱ्याचा एक पण पुठ्ठा माझ्याजवळ नाही, हे सलत होतंच. आणि उद्या तो माग नाही. म्हणून मी आले. अण्णाला आल्या आल्या म्हटलं, पुठ्ठा दे.

अण्णा शेवटची साडी विणत होता. मागच्या बीमवर ताण्याचं उभं सूत इतकंच उरलेलं, की खालचं लाकूड दिसायला लागलं होतं. ते संपलं की संपलं, नवीन ताणा कोण घालणार. "आता कशाला गं?" तो म्हणाला.

"दे म्हणते न्हवं."

मी काडी बांधली. तुम्हाला माहीत आहे माझा हात. नायलॉनच्या दोरीनं, तीन गाठी, वरनं आवळून. अण्णानं माग चालू केला आणि पेन्सिलीचं टोक पहिल्या झटक्यालाच मोडलं. टोक काढलं, परत बांधली, अजून घट्ट. पुठ्ठा मधोमध फाटला. तिसऱ्यांदा काडीसकट पेन्सिल उडाली ती अण्णाच्या कानावर. तो कान चोळत माग बंद करून उभा. "पन्नाशी उलटली तुझी. हात काय सुधारला न्हाय. ताणा संपत आलाय, कळतंय का?"

मला कळत होतं, आप्पा. म्हणूनच अजून अजून घट्ट बांधत होते. बसमध्ये नुसती लोंबती सोडायची, मागावर तुम्ही कसं बांधत होता ते माझ्या डोक्यातनं पार गेलं होतं. मी नेहमी पुठ्ठ्याकडं बघितलं, गाठीकडं कधी बघितलं नव्हतं. मी काडी खाली टाकली आणि म्हटलं, जाऊ दे, जळू दे.

अण्णानं ती उचलली. ताण्यातनं तुटलेलं एक कच्चं सूत घेतलं, थुंकी लावून बोटांत फिरवलं. "आप्पा कच्च्या सुतानं बांधायचे. एकच गाठ. ढिली." आणि तुमचा आवाज काढला, हुबेहूब, "घट्ट बांधलं की त्ये आपलं ऐकतंय, मग त्याचं सांगत न्हाय." ज्यानं तुमचा गठ्ठा दिवाळीच्या गर्दीत वाटून टाकला, त्याच्या बोटांत तुमची गाठ होती. मला वाटलं होतं, तुम्ही फक्त मला दाखवत होता. मोठ्या लेकाला न बोलता दाखवलंत होय.

"तुला ठावं होतं तर आधी बोलायचं न्हाय?"

"तू बोलू देतीस व्हय कुणाला?"

माग सुरू झाला. पुठ्ठा सरकायला लागला. काडी ढिली, आळसावल्यासारखी डोलतेय, आणि वेणी उमटायला लागली. आत-बाहेर, आत-बाहेर. आम्ही दोघं वाकून बघतोय. खडखड, खडखड, आणि ठसका. आणि बट सुटली, बाहेर आली, परत आत गेली. तुम्ही गेल्यावर अण्णानं या मागाचे किती भाग बदलले, पट्टा बदलला, मोटार बदलली, एका बाजूचं चाक बदललं. चाल तीच, आप्पा. तुम्ही मोडली नाहीत आणि नंतर कुणाला मोडता आली नाही.

"त्योच की गं," अण्णा म्हणाला. माग इतका खडखडतोय तरी मला ऐकू आलं.

"त्योच," मी म्हटलं.

पुठ्ठा पाऊण भरला आणि ताण्याची शेवटची सुतं ढिली पडायला लागली. अण्णानं बंद करायच्या दांडीवर हात ठेवला आणि मला मानेनं खुणावलं, उचल. कारण तुम्ही नेहमी माग चालता असतानाच पुठ्ठा उचलायचात. थांबताना कुणाचंच बरं दिसत न्हाय, म्हणायचात. मी हात पुढं केला आणि मागं घेतला. म्हटलं, राहू दे. अण्णानं भुवया वर केल्या. राहू दे म्हणते ना. त्यानं दांडी ओढली. वेणी सैल झाली, पसरट झाली, एक अर्धी बट निघाली ती परत आत गेलीच नाही, तिथंच एक ठिपका होऊन बसली. तुम्ही असतात तर हे मला करू दिलं नसतं. पण तुमचे माग दुसऱ्या दिवशी परत चालायचे. याला उद्या नाही. याचं थांबणं पण याचंच आहे, ते मी का लपवू?

शेवटची साडी अण्णानं मला दिली. मागितली नव्हती. हिरवी आहे, काठ लाल. घडी मी घातली, अण्णानं दोनदा मोडून परत घातली. पुठ्ठा आत, रेघांची बाजू आत, तुमच्या पुठ्ठ्यांसारखी. हे कागद पण त्यातच सरकवते. ती साडी दुकानात जायची नाही, माझ्या कपाटात राहील आणि तुमच्या नातीच्या लग्नात मी नेसेन. अण्णा म्हणतो, पुठ्ठा खानावळीत लाव, चार लोक बघतील. लावेन कदाचित. अजून नाही.

कारण तो दाखवायचा तर एक सांगावं लागेल. माग थांबल्यावर अण्णा पाणी प्यायला आत गेला. पेन्सिल पुठ्ठ्यावर टेकलेलीच होती, आणि ठिपक्याच्या पुढं बोटभर कोरी जागा उरली होती. आप्पा, मी काडी धरली. एक फूल काढलं, तेव्हा काढलेलं तसंच, अजून पण वाकडंच येतं. ते मागाचं नाही. तुम्ही पुठ्ठा हातात घेतलात तर पहिल्या नजरेत ओळखाल, की ही मी आहे. म्हणूनच काढलं.